पंडिता रमाबाई व शारदा सदनाचा वाद

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेंत पंडिता रमाबाईंविषयीं दोन विद्यार्थिनींचीं भाषणें झालीं. एकीचें भाषण ऐकून रमाबाई म्हणजे निराधार विधवांची माउली असें वाटावें. दुसरीचें ऐकून, शिक्षणाचें आमिष दाखवून परक्या धर्माचा प्रसार करणारी एक हुशार बाई डोळ्यांपुढें उभी राहावी. दोघींनीं आपापलीं भाषणें घरच्या वडील माणसांच्या मदतीनें तयार केलीं होतीं, आणि दोघींचीं घरें एकाच गल्लींत आहेत. परीक्षकांनीं बक्षीस दोघींस वांटून दिलें व प्रश्न मोकळा सोडला. परीक्षकांस तें शोभतें. मिशनच्या शाळेच्या वार्षिकास मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं. रमाबाईंवर १८९३ सालीं पुण्यांत जो आरोप झाला, तो आमच्यासारख्या प्रत्येक संस्थेवर केव्हां ना केव्हां होत आला आहे. म्हणून या अंकांत आम्हीं त्यांचें चरित्र घेतलें आहे. आमच्या वाचकांत हिंदु घरचे आहेत तसे ख्रिस्ती घरचेहि आहेत. दोघांसहि यांतील कांहीं भाग गोड लागणार नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या माथ्यावर गंगामूळ नांवाच्या रानांत झाला. असल्या निर्जन जागीं एका विद्वान् ब्राह्मणानें संसार कां थाटला, याचें कारण त्यांच्या वडिलांच्या एका हट्टांत आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे दक्षिण कानडांत स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यांतले. विद्यार्थिदशेंत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजकडे शिकत होते, आणि गुरुजी पेशव्यांच्या वाड्यांत बाईसाहेबांस संस्कृत सांगण्यास जात असत. स्त्रीच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून या तरुणास मोठें नवल वाटलें, व आपल्या पत्नीसहि असेंच शिकवावयाचें असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. पहिल्या पत्नीच्या वेळीं घरच्या मंडळींनीं तें चालूं दिलें नाहीं. ती वारल्यावर, चाळिशी उलटलेल्या शास्त्रीबुवांनीं पैठणास गोदातीरीं भेटलेल्या एका यात्रेकरूच्या नऊ वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. आजच्या वाचकांस ही गोष्ट रुचणार नाहीं. आम्हांसहि रुचत नाहीं. परंतु याच मुलीस, म्हणजे लक्ष्मीबाईंस, त्यांनीं असें कांहीं शिकविलें कीं पुढें रमाबाईंची सारी विद्या आईच्याच मुखांतून आली.

या शिकवण्याचा गांवांत बोभाटा झाला. उडुपीस पंडितांची सभा भरून शास्त्रीबुवांस जाब विचारण्यांत आला. त्यांनीं ग्रंथांतून आधारामागून आधार काढून दाखविले, आणि वेद खेरीजकरून बाकीचें वाङ्मय स्त्रियांनीं शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं असें प्रतिपादन केलें. सभेस त्यांस दोषी ठरवितां आलें नाहीं. पण भोंवतालच्या लोकांचा रोष कांहीं गेला नाहीं, तेव्हां ते रानांत जाऊन राहिले. तेथें त्यांची पाठशाळाच झाली. धर्माच्या वादाशीं या घराण्याची ओळख अशी रमाबाईंच्या जन्माआधींच झालेली होती, आणि तो पहिला वाद हिंदूंचा हिंदूंशींच होता, हें पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत असूं द्यावें.

मूल सहा महिन्यांचें झालें तोंच घरची चणचण वाढली आणि सारें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. तान्ह्या रमेस वेताच्या पेटाऱ्यांत घालून गड्याच्या डोक्यावरून डोंगराखालीं आणलें. तेव्हांपासून जवळजवळ वीस वर्षें या कुटुंबास घर असें नव्हतें. देवळाच्या ओवरींत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावें आणि येईल त्या दक्षिणेवर चालवावें, असा क्रम होता. पहांटे उठून आई मुलीस पाठ देई. भागवताचे हजारों श्लोक तिला असेच चालतां चालतां मुखोद्गत झाले.

नंतर मद्रास इलाख्यांत दुष्काळाचे दिवस आले. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, डोळे गेले होते. मजुरी करण्याची सवय नाहीं, भिक्षा मागण्याची लाज, आणि होतें नव्हतें तें दानधर्मांत व तीर्थविधींत संपलेलें. थोड्याच महिन्यांच्या अंतरानें आधीं वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण अशीं तिघें अन्नान्न करून गेलीं. राहिलीं तीं रमा व तिचा भाऊ श्रीनिवास. दोघें भावंडें हजारों मैल पायीं चालत पंजाबापर्यंत जाऊन पोंचलीं. झेलम नदीच्या कांठीं थंडीनें प्राण कासावीस झाले असतां त्यांनीं वाळूंत दोन खड्डे खणले, आंत निजून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली व रात्र काढली. थडग्यासारखे ते खड्डे रमाबाईंच्या आठवणींत अखेरपर्यंत राहिले. देवांनीं आपणांस कां सोडलें, हा विचार त्यांच्या मनांत या काळीं प्रथम आला. तोंपर्यंत ख्रिस्ती धर्माचा त्यांस वाराहि लागलेला नव्हता. मिशनऱ्यांनीं त्यांची श्रद्धा हालविली असें म्हणणारांनीं हें पान अवश्य वाचावें.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास आलीं. वीस वर्षांची एक तरुणी अस्खलित संस्कृत बोलते हें पाहून तेथील पंडितमंडळी चकित झाली, आणि तिची परीक्षा पाहून तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या देण्यांत आल्या. पडद्यांतल्या बायकांस त्यांचीं कर्तव्यें शास्त्राधारें सांगावीं असें पंडितांनीं सुचविलें. त्यासाठीं रमाबाईंनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईनें वाचले. वाचून झाल्यावर मात्र पंडितांच्या अपेक्षेच्या उलटें झालें. एरवीं प्रत्येक बाबतींत एकमेकांशीं भांडणारे हे ग्रंथ स्त्रिया व शूद्र यांस कमी लेखण्यांत तेवढे एक होतात, असें त्यांच्या ध्यानीं आलें. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनीं त्यांस वेदाची एक प्रत भेट दिली. वडिलांनीं जेथें कुंपण घातलें होतें तें मुलीनें येथें ओलांडलें.

पुढील चार वर्षांचा वृत्तांत थोडक्यांतच देतों. १८८० सालीं डाक्क्यास श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मण नसलेल्या बंगाली वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. दुसऱ्या वर्षीं मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेले. सव्विसावें वर्ष लागावयाच्या आंतच ही बाई पोरकी, भावाविण व विधवा अशी झाली, आणि कडेवर मूल घेऊन आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रांत आली.

पुण्यास न्यायमूर्ति रानडे व त्यांची मित्रमंडळी यांनीं त्यांचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें. १८८२ च्या जून महिन्यांत आर्य महिला समाज स्थापन झाला. रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे याहि त्यांत होत्या, आणि दोघी रमाबाईंचें इंग्रजीचें शिक्षण एकत्र चाले. त्याच वर्षीं हंटर कमिशनापुढें पंडिताबाईंनीं साक्ष दिली. मुलींस शिकविण्यासाठीं बायकाच शिक्षक हव्यात व बायकांस वैद्यकी शिकण्याची सोय हवी, हें त्यांच्या साक्षीचें सार. त्यांचें स्त्रीधर्मनीति हें पुस्तकहि याच वर्षाचें. त्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन, वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या १८८३ च्या वसंतांत विलायतेस गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे त्या उतरल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं लहानग्या मनोरमेसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी पुण्यांत येतांच मोठा क्षोभ झाला. कोणी म्हणाले, परदेशांत एकट्या पडलेल्या विधवेस मिशनऱ्यांनीं गांठलें. कोणी म्हणाले, बाई मूळचीच चंचल. जोतीराव फुले यांनीं मात्र १८८५ सालीं सत्सार या आपल्या पुस्तकांत रमाबाईंचा पक्ष घेतला: ज्या शास्त्रांनीं स्त्रियांस व शूद्रांस खालीं ढकललें त्यांचें अंतरंग पाहिल्यावर या विदुषीनें दुसरें काय करावें, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख होता. मिशनरी गोटांत अर्थातच आनंदीआनंद झाला. येवढी मोठी संस्कृत पंडिता आपल्या बाजूस आली, आतां हिची विद्या आपल्या कामीं येईल, असें तेथें पुष्कळांस वाटलें.

त्यांची निराशा लवकरच व्हावयाची होती. ऐकण्याच्या विकारामुळें रमाबाईंस वैद्यकी सोडावी लागली व १८८४ पासून त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयांत मिस डॉरथिआ बील यांजपाशीं शिकूं व शिकवूं लागल्या. तरुण पुरुषांसहि त्यांनीं शिकवावें असें निघालें, तों हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली: हिंदी स्त्रीनें पुरुषांस शिकविणें तिच्या देशांत बरें दिसणार नाहीं! रमाबाईंनीं सडेतोड उत्तर पाठविलें. आपण स्वदेशांत हजारों पुरुषांपुढें भाषणें केलीं असतां कोणास वावगें वाटलें नाहीं, तें इंग्लंडांतील धर्मगुरूंस कां वाटावें, असा त्यांचा सवाल होता. मठाच्या भगिनी जो क्रूस गळ्यांत घालीत त्यावर लॅटिन अक्षरें होतीं. रमाबाईंनीं विचारलें कीं जी भाषा माझ्या देशांत कोणी जाणत नाहीं ती माझ्या गळ्यांत कशासाठीं, संस्कृत कां नको? त्रैक्याच्या तत्त्वाविषयीं त्यांनीं इतक्या शंका काढल्या कीं सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता हतबुद्ध झाल्या. बाप्तिस्मा घेतल्यावर विचार करण्याचा हक्क आपण कोणास विकून दिलेला नाहीं, ही त्यांची भूमिका होती. खाणें मात्र शेवटपर्यंत शाकाहारी.

हा पत्रव्यवहार पुढें प्रसिद्ध झाला आहे, आणि तो वाचतांना आम्हांस राहून राहून उडुपीची सभा आठवते. बापानें पंडितांस जसा शास्त्राचा आधार मागितला तसा मुलीनें बिशपांस मागितला. आमच्या ख्रिस्ती वाचकांनीं रमाबाईंचीं भक्तिपर चरित्रें वाचलीं असतील. त्यांतील कित्येकांत हा भाग एकतर गाळलेला असतो, किंवा नव्या धर्मांतल्या बालपणाचा हट्ट म्हणून दोन ओळींत संपविलेला असतो. हा कांहीं बालहट्ट नव्हे.

१८८६ च्या मार्चांत आपल्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीची पदवी मिळण्याचा समारंभ पाहण्यास रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, त्या अमेरिकेंत सुमारें तीन वर्षें राहिल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीची स्थिति वर्णन करणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं निघालें व गाजलें. गांवोगांवीं व्याख्यानें झालीं, रमाबाई मंडळें निघालीं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें स्थापन झालेल्या मध्यवर्ती मंडळानें दहा वर्षें पैसा पुरविण्याचें कबूल केलें. अट एक होती, आणि ती रमाबाईंसहि मान्य होती: विधवांसाठीं निघावयाच्या शाळेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं. पुढचें सारें रामायण या एका अटीच्या अर्थावरून झालें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नांवाची कोंकणांतली मुलगी. पुढच्या वर्षीं सदन पुण्यास गेलें. हिंदु मुलींस आपल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती, स्वयंपाक ब्राह्मणी रीतीचा होता, आणि सल्लागार मंडळांत रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसें होतीं. केशवपन झालेल्या मुली येथें केस वाढवूं लागल्या, फुलें माळूं लागल्या, पुस्तकें वाचूं लागल्या. आमच्या विद्यार्थिनींस यांत विशेष तें काय असें वाटेल. त्यांनीं आपल्या पणजीच्या आईची हकीकत घरीं विचारून पाहावी.

वादाची पहिली ठिणगी अमेरिकेंतून आली. तेथील एका ख्रिस्ती साप्ताहिकानें, सदनांतील कांहीं विधवांस ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आहे अशा अर्थाचा मजकूर मोठ्या आनंदानें छापला; तो पुण्यास येऊन पोंचला व केसरीनें तो वाचकांपुढें ठेवला. रमाबाईंच्या या अमेरिकन मित्रांनीं त्यांचें जितकें नुकसान केलें तितकें त्यांच्या शत्रूंनाहि साधलें नसेल. नंतर मुख्य प्रकरण निघालें. रमाबाई पहांटे आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. कांहीं मुली आपण होऊन तेथें जाऊन बसूं लागल्या. रमाबाईंनीं त्यांस बोलाविलें नाहीं, आणि जा असेंहि म्हटलें नाहीं. दार लावून घ्यावें अशी सूचना आली तेव्हां त्यांनीं ती मान्य केली नाहीं. आपल्याच घरांत आपण देवाचें नांव चोरून घेणार नाहीं, हें त्यांचें उत्तर.

टिळकांच्या केसरीचें म्हणणें असें होतें कीं ही तटस्थता नांवाची आहे. विद्या देण्याच्या निमित्तानें कोंवळ्या मुलींचीं मनें वळविलीं जात आहेत, आणि उघड मिशनपेक्षां हें झांकलेलें मिशन अधिक घातक. पालकांनीं मुली ज्या विश्वासानें स्वाधीन केल्या तो विश्वास मोडला, हा त्याचा गाभा. पुण्यांतील सुधारकांपैकीं कित्येक आरंभीं रमाबाईंच्या बाजूनें बोलले; पण १८९३ च्या ऑगस्टांत रानडे व भांडारकर यांनींच सल्लागारपणा सोडला, आणि वीस-पंचवीस मुली त्यांच्या पालकांनीं काढून नेल्या.

ऑगस्ट १८९३ हा महिना विसरून चालणार नाहीं. त्याच महिन्याच्या ११ तारखेस मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा सुरू झाला. संमतिवयाच्या कायद्याचा १८९१ मधील कडाका लोक विसरले नव्हते. आणि पुण्याच्या पंचहौद मिशनांत १८९० सालीं घेतलेल्या चहाच्या पेल्याचें प्रकरण तर सर्वांच्या तोंडीं होतें: तेथें रानडेहि होते, टिळकहि होते, आणि त्यावरून दोघांवरहि प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ज्या शहरांत ख्रिस्ती घरचा चहा प्याल्यानें येवढें महाभारत होतें, तेथें विधवा मुली ख्रिस्ती बाईच्या प्रार्थनेस बसतात ही वार्ता कशी ऐकली गेली असेल याची कल्पना करावी. लोकांस आपला समाज चहूंकडून वेढला जात आहे असें वाटत होतें. परक्यांच्या राज्यांत ही भीति निव्वळ भ्रम होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं. मिशनरी आणि सरकार हे वेगळे होते खरे, पण दोघांचा रंग एकच होता.

या वादाचा अर्थ तेव्हांपासून चार ठिकाणीं चार प्रकारचा लागत आला आहे. राष्ट्रीय पक्षाच्या लेखकांनीं तो परधर्माच्या आक्रमणाचा एक डाव म्हणून सांगितला. मिशनच्या लेखकांनीं तो सत्यासाठीं सोसलेल्या छळाची कथा म्हणून सांगितला. अमेरिकेंत त्यास तिसराच रंग आला: १८९५ च्या सुमारास ब्रुकलिन येथील रमाबाई मंडळाच्या बायका आणि स्वामी विवेकानंद यांच्यांत हिंदु विधवांच्या स्थितीवरून जाहीर खडाजंगी झाली, आणि तेथें प्रश्न मुलींचा राहिला नाहीं, हिंदुस्थानच्या अब्रूचा झाला. गेल्या चार-पांच दशकांत मीरा कोसंबी प्रभृति संशोधकांनीं मूळ कागद पुन्हां उघडून चौथें मत मांडलें आहे: धर्माच्या नांवानें चाललेल्या या भांडणांत, बायकांच्या जीवनाची दिशा ठरविण्याचा अधिकार बायकांस कीं पुरुषांस, हाच खरा प्रश्न होता, बिशप आणि शास्त्री त्या बाबतींत एकाच बांकावर बसतात.

आम्हांस या चारांपैकीं कोणतेंच मत पुरेसें वाटत नाहीं. शेवटचें सत्याच्या अधिक जवळ आहे. तटस्थता या शब्दाचा अर्थच दोन्ही पक्षांनीं निराळा धरला होता. रमाबाईंच्या लेखीं, कोणावर जुलूम न करणें आणि कोणास न अडविणें म्हणजे तटस्थता. पालकांच्या लेखीं, मुलगी जशी घरून गेली तशी घरीं परत येणें म्हणजे तटस्थता. कराराच्या वेळीं हा भेद कोणींच बोलून दाखविला नाहीं. मुलींपैकीं पुष्कळ अल्पवयी होत्या, आणि ज्या बाईनें त्यांस पहिल्यांदाच माणसासारखें वागविलें तिचा देव त्यांस आपलासा वाटणें स्वाभाविक होतें. बोलाविलें नाहीं येवढ्यानें रमाबाईंची जबाबदारी संपत नव्हती, आणि हें त्यांच्यासारख्या सूक्ष्म बुद्धीच्या बाईस दिसत नसेल हें संभवत नाहीं. उलट, ज्या पालकांनीं रातोरात मुली परत नेल्या त्यांपैकीं किती जणांनीं त्यांचें शिक्षण पुढें चालविलें? त्या मुलींस काय हवें होतें तें कोणत्याहि पक्षाच्या पत्रानें त्यांस विचारलें नाहीं. आमच्या शाळेंतहि सकाळीं प्रार्थना होते व दार उघडें असतें. तेव्हां हा विचार आम्हीं दुसऱ्याच्या घराविषयीं करीत आहों असें वाचकांनीं समजूं नये.

या भांडणाचें एक फळ मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नसतां आलें. सदनांतली ती पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिनें ११ मार्च १८९३ रोजीं, म्हणजे सदनाच्या चौथ्या वाढदिवशीं, फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. शारदा सदनाचें काम कर्व्यांस पटलें होतें, आणि सदनावरचा लोकांचा विश्वास उडाला आहे हेंहि त्यांनीं पाहिलें होतें. म्हणून १८९६ सालीं त्यांनीं हिंदु विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला, व तो पुढें हिंगण्यास नेला. रमाबाईंच्या शाळेवरच्या रोषानें दुसरी शाळा निर्माण केली, आणि त्या शाळेच्या संस्थापकांच्या घरांत रमाबाईंचीच शिष्या होती.

इकडे रमाबाईंनीं सदन बंद केलें नाहीं. अमेरिकन मंडळानें त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, कारण उपासानें मरणाऱ्या मुलींच्या तोंडांत त्यांस आपलेंच जुनें तोंड दिसे. सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं आणल्या. पुण्यांत प्लेगाचे नियम आड आले, तेव्हां केडगांवीं घेतलेल्या माळावर तंबू-झोंपड्या उभ्या केल्या. तेंच मुक्ति सदन. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथें दोन हजारांच्या आसपास माणसें होतीं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्यांची शाळा, सर्व काम बायका करीत. दहा वर्षांची मुदत १८९८ त सरली आणि तटस्थतेची अटहि सरली. मुक्ति सदन उघडउघड ख्रिस्ती होतें. भुकेल्यास अन्न आणि धर्म एकाच हातानें द्यावा कीं नाहीं, असें टीकाकारांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. त्यांनीं तीनशें मुली आणल्या त्या वेळीं त्या रस्त्यांवर दुसरे हात फारच थोडे होते, हीहि गोष्ट तितकीच खरी.

त्यांस सरकारधार्जिणी ठरविणारांनीं १८९७ सालची एक गोष्ट पाहावी. पुण्याच्या प्लेग इस्पितळांत हिंदी बायकांस कशी वागणूक मिळते याविषयीं रमाबाईंनीं बाँबे गार्डियन पत्रांत इतकें तिखट लिहिलें कीं मुंबईच्या गव्हर्नरांस त्याचा इन्कार करावा लागला. बाईंनीं आपला शब्द मागें घेतला नाहीं. पुढें १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें.

अखेरचीं वर्षें त्यांनीं बायबलाच्या भाषांतरांत घालविलीं. प्रचलित मराठी भाषांतर खेड्यांतल्या बायकांस कळत नाहीं असें त्यांचें मत. म्हणून पन्नाशीच्या आगेमागें त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, व मूळावरून सोप्या मराठींत आणूं लागल्या. त्यांच्याच छापखान्यांत मुक्तींतल्या बायका खिळे जुळवीत. मनोरमा आईचा उजवा हात होती. ती २४ जुलै १९२१ रोजीं गेली. रमाबाई मुद्रितें तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचा अंत झाला, तोंपर्यंत काम हातावेगळें झालें होतें. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

१९८९ सालीं भारत सरकारनें रमाबाईंच्या नांवें टपालाचें तिकीट काढलें. मुक्ति मिशन केडगांवीं अद्याप चालू आहे, आणि कर्व्यांची हिंगण्याची संस्थाहि. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीनें केडगांवीं उतरतां येतें. वक्तृत्वसभेंतल्या त्या दोन विद्यार्थिनी येत्या सुटींत आपल्या आयांसह तेथें जाणार असल्याचें आम्हांस कळतें. एकीच्या आईनें, परतीच्या वाटेवर हिंगणेंहि पाहूं, अशी अट घातली आहे.